पडद्यावरचा काळोख

वाचकहो, काळोखसुद्धा दुरून पाठवावा लागतो, हे ठाऊक आहे का तुम्हांला? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. १९७३ पासून ते सिंहगडावरून पुण्यात दिसू लागले. हडपसरकराने अँटेना लावायची ती नैर्ऋत्येला, गडाकडे तोंड करून.

गंमत अशी, की या प्रक्षेपणात उजेडाला लहर क्षीण नि अंधाराला जोरकस: पांढऱ्याला कमाल जोराच्या सुमारे १० टक्के, काळ्याला सुमारे ७५. पण पुष्कळशा कृष्णधवल संचांत चित्रनळीच्या वाटेवर कंडेन्सर असे. तो नुसते चढउतार पुढे सोडी, काळ्याची पातळी मात्र गिळून टाकी. मग सिनेमातली अमावास्या राखाडी होई. घरचे म्हणत, नळी म्हातारी झाली! ब्राइटनेसचे बटण पिळावे, तर पुढच्या उन्हातल्या दृश्यात सावलीतले चेहरे काजळून जात. वास्तविक एका डायोडने ही पातळी पुन्हा बांधता येई. काटकसर नडली ती तिथेच.

माळ्यावरचा जुना संच कधी लावलात, तर आधी ब्राइटनेसने काळे नेमके काळे करा, मग कॉन्ट्रास्टने उजेड वाढवा. काळोख जागेवर राहिला, तरच उजेडाला किंमत.