घळ कागदावर का सापडत नाही?

वर्धा जिल्ह्यातली शेतजमिनीची धूप हा विषय घेतलात, की थेट शिवारात जाऊन मोजायला लागावंसं वाटतं. मोजाच. पण आधी विचारा, ही घळ पूर्वी कुणी नोंदवली होती का?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. मध्य प्रांताच्या जमाबंदीत इथल्या जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे वर्ग पडले. शेत कुठे वसलंय तेही बघत. सखल ते लवण, सपाट ते समान आणि उंचसखल, पाण्यानं चिरलेलं ते वाहुरी. म्हणजे धूप दप्तरात आली, पण सारा ठरवण्यापुरती. किती माती गेली, ते त्यात नाही. मी सुरुवातीला 'वाहुरी'लाच पुरावा समजून बसलो होतो. तुम्ही ती चूक करू नका.

मुंबई प्रांतात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यानं बांधबंदिस्तीला जोर आला. वर्धा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये. म्हणून सोलापूरकडचा बांधांचा इतिहास वर्ध्याला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

आता विज्ञान बघा. विश्मायर आणि स्मिथ यांचं 'यूएसएलई' हे सूत्र सालकाढी आणि ओघळपाडी धूप धरतं, घळपाडी धरत नाही. त्यात शेतातली लहान घळ उन्हाळ्यात वखरानं बुजते. बुजवायला माती शेजारचीच येते आणि पावसाळ्यात तीही जाते. मे महिन्यातल्या उपग्रहचित्रात मात्र शेत साफ!

म्हणून पावसाळा संपताच टेप घेऊन जा. समजा, घळीचा सरासरी छेद ०.३ चौरस मीटर, लांबी ८० मीटर. झाले २४ घनमीटर. घनमीटरला १.३ टन धरले तर सुमारे ३१ टन. शेत दोन हेक्टर असेल तर हेक्टरी साडेपंधरा टन, एका घळीतून. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाची सरासरी धूप हेक्टरी १६.३५ टन काढली होती. आता ताडून बघा. सूत्रानं मात्र ही माती गेलीच नाही असं धरलं असतं, आणि बांध कुठे घालायचा ते त्याच आकड्यावर ठरतं.

तेव्हा प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याशेजारी लिहा, तो कुणी काढला, कशासाठी काढला आणि त्यात घळ धरली का.