दऱ्या आणि दर्या

करंजाड्यातल्या आमच्या संगणकावर, मूळ रचनेला धक्का न लावता, आभासी यंत्रात लिनक्स बसवणे आज फारसे अवघड नाही. भाषा मराठी निवडावी, कळफलक इन्स्क्रिप्ट, झाले. या सहजतेमागचा इतिहास मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे, कारण त्यात एक कवी आहे.

लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर नीट दिसतेच असे नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, लेखनात आधी. जोडाक्षरांचे तर विचारूच नये. हे सारे जुळवणारा फॉन्ट लागतो. दृश्यकवितेचे प्रयोग करणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' घडवला, तसाच मुंबईच्या एनसीएसटीत 'रघू'. हा दुसरा जीपीएल परवान्याखाली खुला झाला. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित'ही खुला केला.

मराठीची खरी कसोटी 'ऱ्य'मधल्या अर्ध्या र ची. हिंदीला त्याची गरज नाही. आपल्याकडे मात्र दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या कोकणापुढे. बंद प्रणालीत हा फरक पुसला गेला तर तक्रार करून वाट पाहावी. खुल्या फॉन्टमध्ये जाणकाराने फाइल उघडून आकार दुरुस्त करावा. हा अधिकार आम्हाला फुकटपणापेक्षा मोठा वाटतो. (शुद्धलेखनावर एवढे भांडणारे आम्ही मराठीचे प्राध्यापक या र साठी क्वचितच बोललो!) युनिकोडने त्यासाठी नुक्ता असलेला 'ऱ' वेगळा ठेवला आहे, त्याचा पाय मोडून पुढे 'य' लिहिला की दऱ्या उमटतात.