९ मार्च १८२४ : लेलंड स्टॅनफर्ड यांचा जन्म

न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले स्टॅनफर्ड पेशाने वकील. विस्कॉन्सिनमधले कार्यालय पुस्तकांसकट आगीत खाक झाल्यावर १८५२मध्ये भावांच्या मागोमाग त्यांनी कॅलिफोर्निया गाठले. सोने खणायच्या फंदात न पडता मिशिगन ब्लफच्या खाणवस्तीत खाणकऱ्यांसाठी दुकान थाटले. खरी कमाई तिथेच होती. १८६२मध्ये ते राज्याचे गव्हर्नर झाले. पहिल्याच भाषणात चिनी स्थलांतरितांवर आगपाखड करणाऱ्या या गृहस्थांच्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग मात्र हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून घातला. १० मे १८६९ रोजी या लोहमार्गाच्या पूर्ततेचा सोन्याचा अखेरचा खिळा ठोकण्याचा मान स्टॅनफर्ड यांना मिळाला. घाव म्हणे हुकला! एकुलता मुलगा पंधराव्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याच्या स्मरणार्थ पती-पत्नीने स्थापन केलेले स्टॅनफर्ड विद्यापीठ १८९१मध्ये सुरू झाले.