घरचे जळण, घरचे स्वातंत्र्य



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आम्हांस इतिहास शिकविला तो बहुधा राजांचा नव्हे. 'आपल्या घरची चूल आज कोणाच्या जिवावर पेटली, एवढे विचारून या,' असा गृहपाठ ते देत. म्हणून आजच्या व्याख्यानास मी चुलीचाच विषय घेतला आहे.

निर्णा आणि त्याच्या भोवतालची गावे बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सरहद्दीवर वसली आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यानंतर हैदराबाद राज्याचा आणि १९५६ पासून म्हैसूरचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा. सरकारे बदलली, कचेरीची भाषा बदलली. चुलीत मात्र तुराट्याच जळत राहिल्या. हा तुरीचा प्रदेश आहे. शेंगा झोडून झाल्या की तुराट्यांच्या गंजी घरामागे रचल्या जात. ज्वारीची धसकटे वेचून आणली जात आणि पावसाळ्यासाठी गोवऱ्यांचा हुडवा शाकारून ठेवला जाई. डोंगर-जंगल जवळ नसलेल्या या माळरानावर शेत हेच आमचे रान होते. ज्याला शेत त्याला जळण. ज्याला शेत नाही त्याने दुसऱ्याच्या बांधावर वाकायचे. रॉकेल आले ते चिमणीपुरते आणि पुढे शिधापत्रिकेच्या रांगेपुरते.

शेण जाळणे म्हणजे शेताचे खत जाळणे, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याला दुसरा उपाय नव्हता, इतकेच. तो उपाय कुजण्याच्या क्रियेत दडलेला आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी दिसून आले होते. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठालयात १८९७ मध्ये मैल्यापासून ज्वलनशील वायू काढण्यात आला होता. पुढे जशभाई पटेल यांनी विहिरीवर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी योजून गोबरगॅसचा नमुना सिद्ध केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो खेड्यांत नेला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सरकारचे लक्ष इकडे वळले. १९८१-८२ पासून अनुदानाची राष्ट्रीय योजनाच सुरू झाली.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक निराळी बाजू मिळाली, ती मला अधिक मोलाची वाटते. 'कोकणगांधी' अप्पासाहेब पटवर्धन यांना रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी त्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत आणि संडासाचे सोपे नमुने यांवर काम केले. घरची घाण दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून वाहून न्यावी लागते तोवर ते घर स्वतंत्र नव्हे, असा त्या कामाचा अर्थ मी लावतो. त्यांच्याकडून प्रेरणा घेतली ती देहूच्या डॉक्टर मापुसकरांनी. १९५९ मध्ये ते देहूच्या आरोग्य केंद्रात आले. बांधलेले पहिले संडास पावसात कोसळले, तरी त्यांनी नाद सोडला नाही. संडासालाच गॅसयंत्र जोडण्याचा 'मलप्रभा' नावाचा नमुना त्यांनी तयार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अलीकडे पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारी लहान टाकी काढली. तिला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला. ती मला आवडते, कारण तिला गोठा लागत नाही.

गोठा लागतो, हीच आमची कथा. आमच्या घरी गॅस आला तो १९८० नंतरच्या दशकात. पुस्तिकेत लिहिले होते की एका जनावराचे रोजचे शेण दहा किलो. किलोला साधारण चाळीस लिटर वायू. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकास दोन घनमीटर पुरे. म्हणजे पन्नास किलो शेण, पाच जनावरे. गुरुजी म्हणाले, 'मोजले का?' आम्ही पोरांनी दुकानातला काटा आणून आठ दिवस शेण मोजले. निम्मेच भरले! आमची गुरे दिवसभर माळावर चरत; गोठ्यात पडे ते केवळ रात्रीचे शेण. कागदावरची पाच जनावरे आमच्या गावात दहा होत होती. थंडीच्या दिवसांत कुजणे मंदावे आणि वायू आणखी घटे, ते वेगळेच.

तरीही आईच्या डोळ्यांतले पाणी थांबले. पहाटे काडी लावताच निळी ज्योत उठे आणि फुंकणी कोपऱ्यात पडून राही. टाकी किती वर आली आहे ते पाहून ती दिवसाचा स्वयंपाक ठरवी. रॉकेलसाठी वडिलांकडे पैसे मागणे संपले, याचा आनंद तिने कधी बोलून दाखविला नाही. मात्र टाकीला हात लावू देत नसे. यंत्रातून निघणारी मळी शेतात गेली, त्यामुळे वडीलही खूष होते.

या चित्राबाहेर एक बाई उभी होती. शेताशिवायच्या घरातली ती बाई रोज सकाळी आमच्या गोठ्याशी येई आणि सडा-सारवणापुरते ठेवून उरलेले शेण गोवऱ्यांसाठी नेई. त्याच्या बदल्यात ती अंगण झाडी. यंत्र आल्यावर शेण द्यायचे बंद झाले. आईनेच तिला तसे सांगितले, माझ्यासमोर. आमचे स्वावलंबन तिच्या चुलीतून आले होते. अनुदानाच्या अर्जात या गोष्टीसाठी रकाना नव्हता, आणि आम्हीही ती कोठे नोंदविली नाही. मी हे गुरुजींना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि नंतर म्हणाले, 'इतिहास लिहिशील तेव्हा हे आधी लिही.' मला ते आज जमले, तेही शेवटी.

टाकी दरवर्षी रंगवावी लागते. एक-दोन वर्षे राहिले आणि तळाशी गंज चढला. दुरुस्तीसाठी वडिलांनी संबंधित कचेरीत चार खेपा घातल्या. पाचवी घातली नाही. तोवर गावात ट्रॅक्टर आला होता, बैल विकले गेले होते, आणि भरायला शेणही उरले नव्हते. आई पुन्हा तुराट्यांकडे वळली. पुढे सिलिंडर आला.

त्या बाईच्या सुनेच्या घरीही २०१६ नंतरच्या उज्ज्वला योजनेतला सिलिंडर आहे. मागील दिवाळीत मी गेलो होतो. सिलिंडर आत होता. आणि दारात, पूर्वी आमच्या घरामागे असे तशीच, तुराट्यांची गंजी. 'पाव्हणे आले की गॅस लावतो, काका,' ती म्हणाली, आणि चहा गॅसवर ठेवला.