अ‍ॅजाइल टीममध्ये वाद का होतात आणि ते वेळीच मिटवायचे कसे?

कंपनी पुण्याची, पण टीममधले दोघं घरूनच काम करतात. एक जण अमरावतीत, एक जण अकोल्यात. सकाळच्या कॉलवर टेस्टर म्हणते, “भाऊ, तुमच्या बिल्डमध्ये लॉगिनच होऊन नाही राहिलं जी.” डेव्हलपर म्हणतो, “माह्याकडं तर बरोबर चालते ताई. तुमचं नेट पाहा एकदा.” कॉल संपतो. पुढचे चार दिवस दोघं एकमेकांशी फक्त टिकिटावरच्या कॉमेंटमधून बोलतात.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण आयटीत काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. अशा वादातून कामं अडतात, चांगली माणसं बोलेनाशी होतात आणि शेवटी कुणीतरी राजीनामा देतं. म्हणून हे वाद नेमके कुठून येतात आणि कोणत्या टप्प्यावर काय करायचं, ते समजून घेऊ.

अ‍ॅजाइल म्हणजे काय?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो’ लिहिला. त्याचं सार असं : सगळं काम वर्षभर आखत बसण्यापेक्षा थोडं थोडं करा, ग्राहकाला दाखवा, सुधारा. ‘स्क्रम’ ही त्यातली सर्वात प्रसिद्ध पद्धत. त्यात काम ‘स्प्रिंट’ नावाच्या, जास्तीत जास्त एक महिन्याच्या टप्प्यांत होतं. रोज १५ मिनिटांची बैठक होते. स्प्रिंट संपली की ‘काय जमलं, काय चुकलं’ यावर बोलायला ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ होते.

मग वाद जास्त का होतात?

कारण इथे प्रत्येक गोष्ट ठरवून देणारा साहेब नसतो. काम कसं करायचं हे टीमनेच ठरवायचं असतं. मुदत जवळची असते, एकाचं काम अडलं की दुसऱ्याचं थांबतं आणि कुणाचं काय रखडलंय हे बोर्डावर सगळ्यांना दिसतं. जुन्या पद्धतीत जो वाद सहा महिन्यांनी बाहेर आला असता, तो इथे दहाव्या दिवशीच येतो.

यात वाईट काही नाही. बाजू मांडायला टीमकडे ठरलेली जागा आणि वेळ नसली, तर मात्र पंचाईत होते.

कामाचा वाद आणि माणसाचा वाद

संघटनांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ वादाचे दोन प्रकार वेगळे करतात. ‘हा डेटाबेस वापरावा की तो?’ हा कामाचा वाद. ‘हा माणूस कायम असंच करतो’ हा माणसाचा वाद. पहिला आदराने झाला तर त्यातून निर्णय सुधारू शकतो. दुसरा टीम पोखरतो.

अडचण अशी की पहिला वाद मिटला नाही, तर त्याचाच दुसरा होतो. वरच्या उदाहरणात प्रश्न लॉगिनचा होता. ‘तुमचं नेट पाहा’ म्हटल्यावर तो टेस्टरच्या कामावरच्या शंकेचा झाला.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. ‘भाऊ’, ‘ताई’, ‘सर’ म्हणताना आदर असतो, पण मोठ्याला सर्वांदेखत ‘हे चुकतंय’ म्हणणं जड जातं. मग कॉलवर होकार आणि नंतर चहाच्या टपरीवर खरं मत. टपरीवरचं मत बोर्डावर येत नाही, त्यामुळे प्रश्न तसाच राहतो.

वादाच्या पाच पायऱ्या

स्पीड लीस या अभ्यासकाने वादाच्या पाच पायऱ्या मांडल्या आहेत. लिसा अ‍ॅडकिन्स यांनी २०१० च्या ‘कोचिंग अ‍ॅजाइल टीम्स’ या पुस्तकात त्या अ‍ॅजाइल टीमसाठी वापरल्या. कोणती पायरी आहे ते माणसांच्या भाषेवरून ओळखता येतं.

१. प्रश्न : बोलणं मोकळं आणि मुद्द्याचं असतं. ‘लॉगिन होत नाही, कारण शोधू.’ इथे टीमला एकत्र बसून मार्ग काढू द्या.

२. मतभेद : माणसं जपून बोलू लागतात, स्वतःला वाचवतात. ‘मी तर वेळेत दिलं होतं.’ इथे आधी दोघांचं ऐकून घ्या, विश्वास परत येऊ द्या.

३. चुरस : जिंकायचंच असतं. ‘तुम्ही नेहमी’, ‘तुम्ही कधीच’ असे शब्द येतात. इथे तारखा, नोंदी, स्क्रीनशॉट समोर ठेवा आणि दोघांना थोडं थोडं सोडायला लावा.

४. धर्मयुद्ध : ‘डेव्हलपरवाले असेच’, ‘टेस्टिंगवाल्यांना कळतच नाही’. दोन तट पडतात. समोरासमोर बसवून उपयोग होत नाही, मध्यस्थाने दोन्हीकडे स्वतंत्र बोलावं लागतं.

५. महायुद्ध : समोरचा संपला पाहिजे, एवढंच उरतं. इथे समेटाचा आग्रह सोडा. माणसांना वेगळ्या कामावर ठेवा आणि नुकसान थांबवा.

पहिल्या दोन पायऱ्यांवर दहा मिनिटांत मिटणारी गोष्ट चौथ्या पायरीवर महिनोन्‌महिने खाते. म्हणून स्क्रम मास्टरचं लक्ष ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ या शब्दांवर असायला हवं.

वरुडने दाखवलेला नमुना

थोड्या मुदतीत, साहेबाशिवाय, आधीच तट पडलेली माणसं एकत्र काम करू शकतात का? याचं उदाहरण आयटीबाहेर, अमरावती जिल्ह्यातच आहे. संत्र्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या वरुड तालुक्यात विहिरी-बोअरच्या उपशाने भूजल खोल गेलं होतं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली : वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. गावांनी श्रमदानाने जलसंधारणाची कामं करायची होती आणि राजकारण बाजूला ठेवून एकत्र या, हे आवाहन होतं.

तिची रचना अ‍ॅजाइल टीमच्या कामाची आहे. मुदत ४५ दिवसांची. आधी निवडक गावकऱ्यांना प्रशिक्षण. कोणत्या कामाला गुण मिळणार हे आधीच जाहीर. काम शिवारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

गावातली जुनी भांडणं ४५ दिवसांत संपत नसतात. पण ‘काम झालं म्हणजे काय झालं’ हे आधी ठरलेलं असलं, की त्यावरून रोज नवं भांडण लागायला जागा कमी उरते. स्क्रममध्ये यालाच ‘डेफिनिशन ऑफ डन’ म्हणतात. वरच्या टीमने ‘बिल्ड टेस्टरच्या मशीनवर चालल्याशिवाय काम पूर्ण नाही’ एवढं आधी लिहून ठेवलं असतं, तर ‘माह्याकडं चालते’ हा मुद्दाच उरला नसता.

टीमने काय करावं?

• नियम वाद नसताना ठरवा. काम पूर्ण कधी मानायचं, मेसेजला किती वेळात उत्तर द्यायचं, मतं समसमान झाली तर शेवटचा शब्द कुणाचा. कोणतं काम आधी, हे प्रॉडक्ट ओनर ठरवेल. ते कसं करायचं, हे करणारे ठरवतील.

• लेखी वाद दोन मेसेजपेक्षा लांबला तर टायपिंग थांबवा आणि फोन करा. ग्रुपवर सर्वांदेखत टोकू नका.

• डेली बैठकीत अडचण सांगा, पण वाद तिथे सोडवू नका. संबंधित दोघं-तिघं नंतर थांबा.

• माणसाबद्दल बोलू नका, घटनेबद्दल बोला. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ याऐवजी ‘मंगळवारचं बिल्ड दोनदा परत आलं, त्यामुळे माझं टेस्टिंग अडलं’.

• रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये आधी सगळ्यांनी मुद्दे लिहून द्या, मग बोला. नवख्याला सिनिअरसमोर बोलणं त्यामुळे सोपं जातं. शेवटी एक-दोनच सुधारणा निवडा आणि पुढच्या वेळी त्या झाल्या का ते आधी तपासा.

टीमच्या हाताबाहेरच्या गोष्टी

प्रत्येक गोष्ट ‘टीममधला वाद’ नसते. जातीवरून टोमणे, धमकी, पगार-बढतीवरून अडवणूक हे रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये मिटवायचे विषय नाहीत. ते लेखी स्वरूपात एचआरकडे न्या. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. अशा वेळी ‘समजुतीने घ्या’ म्हणणारा टीम लीड वाद मिटवत नसतो, तो तक्रार दाबत असतो.

बाकीच्या वादांसाठी एक सोपी कसोटी आहे. तुमच्या टीममध्ये मागच्या तीन स्प्रिंटमध्ये एकदाही कुणी ‘मला हे पटत नाही’ म्हटलं नसेल, तर सगळं छान चाललंय असं समजू नका. ती मतं बहुतेक दुसरीकडे कुठेतरी बोलली जात आहेत. पुढच्या बैठकीत ती विचारून घ्या.