सुरमई
गुहागरपासून गोव्यापर्यंत मानाची समजली जाणारी समुद्री खाद्य मासळी. शास्त्रीय नाव स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन. मराठी नाव रंगावरून पडले: फार्सीतून आलेल्या ‘सुरमा’ (डोळ्यांत घालायचे अंजन) या शब्दापासून ‘सुरमई’, म्हणजे सुरम्याच्या काळसर-निळ्या रंगाची. होडीतून नुकत्याच उतरवलेल्या सुरमईची पाठ पाहिली की हे नाव किती नेमके आहे ते पटते; बर्फात ठेवल्यावर ती झळाळी मावळते. कुशीवर उभे नागमोडी पट्टे असतात. दक्षिण कोकणात हीच ‘इसवण’. शास्त्रीय नावातील ‘कॉमर्सन’ म्हणजे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन (१७२७–७३). त्यांच्या टिपणांच्या आधारे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०० मध्ये या जातीचे वर्णन केले.