सटवीची रात्र आणि काचेची पेटी

अपत्यजन्मानंतरची पाचवी-सहावी रात्र आमच्या घराघरांतून जागविली जाते. पाटावर सटवीची स्थापना होते, कोरा कागद व लेखणी ठेविली जाते, दिवा मालवू दिला जात नाही. देवी येऊन बाळाच्या ललाटी त्याचे प्राक्तन लिहिते, अशी श्रद्धा. या विधीत दुःखाने मिळालेले एक जुने ज्ञान दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात, असे आजचे वैद्यक सांगते. हा धोका पूर्वजांनी ओळखला होता. परंतु उपाय हाती नसल्याने तो त्यांनी देवीच्या लेखणीवर सोपविला. त्या लेखाची काही अक्षरे मनुष्ययत्नाने कशी बदलली, याचा इतिहास दीड शतकाहूनही अलीकडचा आहे.

पॅरिसच्या मातेर्निते प्रसूतिगृहातील डॉ. स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहोद्यानात अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि १८८० च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी तशीच पेटी करविली. ऊब राखण्याची साधने म्हणजे केवळ गरम पाणी आणि काचेचे झाकण. तरीही २००० ग्रॅमांहून कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आले. तार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी पुढे दाखविले की, थंडी, अपुरे पोषण आणि संसर्ग हे या जिवांचे तीन वैरी होत, आणि त्यांच्याशी झुंजताना आईचे दूध व तिचे सान्निध्य यांवाचून पेटी अपुरी आहे.

परंतु सद्भावना म्हणजे ज्ञान नव्हे, हा धडाही याच इतिहासात आहे. १९४० नंतरच्या दशकात श्वासासाठी धडपडणाऱ्या बालकांना प्राणवायू मुक्तहस्ते दिला जाऊ लागला. जीव वाचले, पण जगभरात हजारो मुलांची दृष्टी गेली. १९५३-५४ साली अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या काटेकोर परीक्षणाने प्राणवायूचा अतिरेक हेच त्याचे मोठे कारण ठरविले. तेव्हापासून प्राणवायूदेखील मोजून द्यावयाचे औषध मानले जाऊ लागले.

ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि अवघ्या ३९ तासांत निवर्तला. सत्ता व संपत्ती दोन्ही पायाशी असूनही त्या इवल्या फुप्फुसांना कोणी उघडे ठेवू शकले नाही. फुप्फुसातील वायुकोशांना मिटू न देणारे स्निग्ध द्रव्य अशा बालकांत अपुरे असते, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखविले होते. पण ज्ञानाचा उपाय होण्यास काळ लागला. १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वासमार्गात सतत सौम्य दाब ठेवण्याची युक्ती काढली, आणि १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी ते द्रव्यच बाहेरून देऊन यश मिळविले.

ही साधने नाहीत तेथे काय करावे? कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशीच बांधले. आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, गुदमरलेल्याला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून सुई देणे शिकविले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात-मृत्यूचे प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

आम्ही व्यवसायाने वकील. म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष आम्ही कर्तव्याच्या भाषेत मांडतो. उपाय अज्ञात असतो तोवर मृत्यूला दैव म्हणता येते. उपाय ठाऊक झाल्यावर तीच गोष्ट हयगय ठरते. संकटसमयी शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. तरीही ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. ज्या जागी त्यांना जगविण्यासाठी ठेविले होते, तेथेच ती गेली. हा लेख सटवीचा नव्हे.

वाचकहो, सटवीची रात्र अवश्य जागवावी. परंतु जागे राहणे म्हणजे बाळाचे अंग थंड पडले काय, ते दूध ओढते काय, श्वास घेताना कण्हते काय, हे पाहणे आणि शंका येताच मुहूर्त न शोधता रुग्णालय गाठणे. यात्रेकरूंसाठी अग्रशाळा बांधणाऱ्या आमच्या देवस्थान-समाजाने, अतिदक्षता कक्षाबाहेर आठवडेच्या आठवडे जमिनीवर बसणाऱ्या बाळंतिणीला पाठ टेकण्यापुरती एक खोली दिली, तर तीही षष्ठीपूजाच होईल. पाटावरचा कागद कोरा ठेविला जातो, त्याचा अर्थ आम्ही असाच लावतो: अजून लिहावयाचे आहे.